टाचेनं मारलेला तो एक गोल : डेनिस लॉ

हाफटाइम (धागाकर्ता)

गेल्या रविवारी भाचा आला होता. वय वर्षं चौदा, मँचेस्टर युनायटेडचा कट्टर पंखा, अंगातली लाल जर्सी धुवायलासुद्धा काढून देत नाही म्हणे. त्यानं विचारलं, "मामा, ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाच्या बाहेर तिघांचा पुतळा आहे ना, त्यातला जॉर्ज बेस्ट माहितीय, बॉबी चार्ल्टन माहितीय. तिसरा कोण?"

तिसरा कोण! मी ताटावरून उठायचाच बाकी होतो. त्याला जे सांगितलं तेच इथे जरा ऐसपैस लिहितो.

डेनिस लॉ. जन्म २४ फेब्रुवारी १९४०, स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या अ‍ॅबर्डीनमध्ये. बाप मासेमारीच्या ट्रॉलरवर, सात भावंडं, हा शेंडेफळ. डोळा तिरळा, त्यावर जाड चष्मा, अंगानं काडी. खेळताना चष्मा काढून ठेवायचा आणि एक डोळा मिटून चेंडू बघायचा. पंधराव्या वर्षी हडर्सफील्ड टाउननं त्याला चाचणीला बोलावलं तेव्हा त्याला बघून तिथल्या मंडळींनी कपाळावर हात मारला होता. पण पोरगं मैदानात उतरलं आणि मत बदललं. पुढे शस्त्रक्रिया होऊन डोळा सरळ झाला. लॉ म्हणायचा की आयुष्यातली मोठी गोष्ट ती, कारण त्यानंतर तो लोकांच्या नजरेला नजर देऊन बोलू लागला.

हडर्सफील्डला बिल शँकली होता. हो, तोच, पुढे लिव्हरपूलचा मॅनेजर झालेला. हाडांचा सापळा बघून शँकलीनं खुराक लावला : मांसाचे मोठे तुकडे आणि दूध. १९५६च्या नाताळच्या आदल्या दिवशी लॉ पहिल्या संघातून खेळला, वय सोळा. मँचेस्टर युनायटेडचा मॅनेजर मॅट बझ्बीनं त्याच सुमाराला दहा हजार पौंड देऊ केले होते, हडर्सफील्डनं नाही म्हटलं. बझ्बीनं ते डोक्यात ठेवलं. १९५८मध्ये स्कॉटलंडचा संघ काही काळ बझ्बीकडे होता, तेव्हा त्यानं अठरा वर्षांच्या लॉला वेल्सविरुद्ध उतरवलं. लॉनं पहिल्याच सामन्यात गोल केला. तसा तो गोल म्हणजे वेल्सच्या खेळाडूनं मारलेला चेंडू याच्या डोक्यावर आदळून आत गेला होता, पण नोंदवहीत कसं गेला ते लिहीत नाहीत.

मग १९६०मध्ये मँचेस्टर सिटी, ५५ हजार पौंड, ब्रिटनमधला तेव्हाचा विक्रम. पुढच्या वर्षी इटलीतल्या तोरिनोनं एक लाख दहा हजार मोजले. तिथून १९६२मध्ये बझ्बीनं अखेर त्याला युनायटेडमध्ये आणलं, एक लाख पंधरा हजारांना. म्हणजे बावीस वर्षांच्या पोरावर तीनदा विक्रमी बोली.

युनायटेडमधली ती अकरा वर्षं म्हणजे लॉ. ४०४ सामने, २३७ गोल. पहिल्याच हंगामात संघ लीगमध्ये खालच्या विभागात जाताना जेमतेम वाचला, पण वेम्बलीवर लीस्टरला ३-१ हरवून एफए कप (इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धा) आणला, त्यात लॉचा गोल. १९६३-६४मध्ये सगळ्या स्पर्धा मिळून ४६ गोल. एका हंगामातला युनायटेडचा हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. रोनाल्डोनं नाही, व्हॅन निस्टलरॉयनं नाही, रूनीनं नाही. १९६४चा बॅलन डी'ऑर, म्हणजे युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, त्याला मिळाला. स्कॉटलंडच्या दुसऱ्या कुणाला तो आजवर मिळालेला नाही. १९६५ आणि १९६७ला लीग.

आणि त्याची ती ऐट! जर्सी चड्डीबाहेर, लांब बाह्यांची टोकं मुठीत आवळलेली, आणि गोल झाला की एक हात सरळ वर, एक बोट आभाळाकडे. ओल्ड ट्रॅफर्डच्या स्ट्रेटफर्ड एंड स्टँडमधली गर्दी त्याला 'किंग' म्हणायची. उंची साधारण पावणेसहा फूट, पण हेडरसाठी उडाला की खाली यायचं विसरून जायचा. पेनल्टी भागात अर्धी संधी मिळाली की तिची पूर्ण करायचा. शिवाय डोकं गरम. लाल कार्ड तेव्हा नव्हतं, पण बाहेर जायची आणि मग आठवडेच्या आठवडे बंदीत बसायची वेळ त्याच्यावर एकदा नव्हे अनेकदा आली.

सगळ्यात मोठ्या रात्री मात्र तो नव्हता. २९ मे १९६८, वेम्बली, युनायटेडनं बेन्फिकाला ४-१ हरवून युरोपियन कप जिंकला. लॉ तेव्हा मँचेस्टरमध्ये गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात. सामना त्यानं पलंगावरून टीव्हीवर पाहिला. त्या गुडघ्यात त्याआधी कॉर्टिसोनची किती इंजेक्शनं टोचली गेली होती देव जाणे.

१९७३मध्ये नवा मॅनेजर टॉमी डॉकर्टीनं त्याला फुकटात मोकळं केलं. लॉनं पुढे सांगितलेली हकिगत अशी की तो अ‍ॅबर्डीनला गेला होता आणि बातमी त्याला टीव्हीवरून कळली. तो परत सिटीत गेला. आणि २७ एप्रिल १९७४ला ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर डर्बी, म्हणजे युनायटेड विरुद्ध सिटी. युनायटेड खाली जाण्याच्या काठावर. ०-० चालू असताना, शेवटची दहाएक मिनिटं उरलेली, फ्रान्सिस लीकडून चेंडू आला, लॉची पाठ गोलकडे, आणि त्यानं टाचेनं मागे ढकलला. युनायटेडचा गोलरक्षक स्टेपनीच्या बाजूनं आत.

सिटीची पोरं अंगावर पडली. हा मान खाली घालून उभा. ना हात वर, ना बोट. लगेच त्याला बदलून बाहेर घेतलं. प्रेक्षक मैदानात घुसले, म्हाताऱ्या बझ्बीनं ध्वनिक्षेपकावरून विनवण्या केल्या, तरी सामना अर्धवट सोडावा लागला. निकाल मात्र कायम राहिला. ज्या क्लबसाठी २३७ गोल केले, त्याला दुसऱ्या विभागात ढकलणारा गोलही त्याचाच. लीगमधला त्याचा तो शेवटचा गोल.

भाचा ऐकून गप्प. मग म्हणाला, "मग पुतळा का बांधला?"

---

खारे_दाणे

जबरी! वाचनखूण साठवली. शेवटच्या प्रश्नाला उत्तर काय दिलंत ते लिहिलं नाहीत.

---

गणिती_गंपू

लेख आवडला, पण शेवटच्या परिच्छेदातली दंतकथा कृपया पुढे ढकलू नका. लॉच्या गोलनं युनायटेड खाली गेली नाही. बेरीज करून दाखवतो.

तेव्हा विजयाला दोन गुण असत, तीन नव्हे. हंगाम संपला तेव्हा युनायटेडचे गुण ३२. शेवटचे दोन्ही सामने (सिटी आणि स्टोक) ते हरले. समजा दोन्ही जिंकले असते, तर ३६. बर्मिंगहॅम बचावलं ते ३७वर. त्यांनी त्याच दिवशी, त्याच दुपारी नॉरिचला हरवलं. म्हणजे लॉनं टाच लावली काय, चेंडू स्टँडमध्ये मारला काय, किंवा तो घरीच झोपला असता काय, फरक शून्य.

अजून एक. तीन संघ खाली पाठवायचं ते पहिलंच वर्ष. ३६ गुणांवरचं साउदॅम्प्टनसुद्धा त्यामुळेच बुडालं. युनायटेड त्यांच्याही खाली होती, म्हणजे जुन्या नियमानंही सुटका नव्हतीच.

---

हाफटाइम

@गंपू, मान्य. मूळ लेखात बदल करत नाही, नाहीतर तुमचा प्रतिसाद अधांतरी लटकेल. इतकी वर्षं मीही 'लॉनं युनायटेडला बुडवलं' हेच ऐकत आलो.

पण बघा, मैदानावर उभ्या असलेल्या माणसाला बर्मिंगहॅममध्ये काय चाललंय हे कुठून कळणार? मोबाइल नाहीत, फलक नाहीत. त्याच्या डोळ्यांपुढे त्याच्या टाचेवरून गेलेला चेंडू आणि समोरून धावत येणारी, कालपर्यंत त्यालाच किंग म्हणणारी माणसं. त्या शनिवार-रविवारइतकं वाईट आपल्याला आयुष्यात क्वचितच वाटलं असेल असं तो नंतर म्हणाला होता. आणि तुमची बेरीज त्याला संध्याकाळी कळलीच असणार ना? तरीही.

@खारे_दाणे, उत्तर असं दिलं की त्यानं हात वर केला नाही म्हणून. भाच्याला पटलं की नाही माहीत नाही, तो तोवर मोबाइलवर जुना व्हिडिओ शोधत होता.

---

पंचगंगाकाठी

आमच्या कोल्हापुरात एखाद्यानं तालीम (म्हणजे आमचा फुटबॉल संघ) बदलली आणि शाहू स्टेडियमवर जुन्या तालमीवर गोल मारला तर तो हात वर करो न करो, पेठेतनं घरी जायला वाट बदलावी लागती. लॉला युनायटेडच्या लोकांनी परत जवळ केलं ही मोठीच गोष्ट हाय.

---

मापं_काढू_नका

फुटबॉलचा धागा काढला की हे कोल्हापूरकर येणारच :ड

---

पंचगंगाकाठी

मग काय क्रिकेटच्या धाग्यावर जायचं व्हय?

---

उत्तरसमुद्र

नोकरीनिमित्त (तेल, दुसरं काय) नऊ वर्षं अ‍ॅबर्डीनमध्ये आहे, म्हणून थोडी भर घालतो.

हे शहर राखाडी ग्रॅनाइटचं. पाऊस पडून ऊन आलं की दगडातला अभ्रक चमकतो, बाकी वेळ सगळं शहर स्लेटच्या पाटीसारखं. समुद्रावरून धुकं आत आलं की जुलैतही स्वेटर. लॉचं घर वुडसाइड भागात, प्रिंटफील्ड टेरेसवर होतं. आताही साधी कामगारवस्तीच. हुशार असल्यामुळे त्याला इथल्या नावाजलेल्या ग्रामर स्कूलमध्ये जागा मिळाली होती, पण तिथे रग्बी खेळवत. पठ्ठ्यानं ती सोडून पोविस शाळा धरली, कारण तिथे फुटबॉल होतं. आपल्याकडे कुठल्या बापानं हे चालवून घेतलं असतं?

गंमत म्हणजे तो अ‍ॅबर्डीन क्लबकडून कधीच खेळला नाही. लहानपणी पाठीराखा त्यांचाच होता. पण शहरानं त्याला सोडलं नाही, आणि त्यानंही शहराला. २०१७मध्ये नगरपालिकेनं त्याला मानाचं नागरिकत्व दिलं. गल्लीतल्या पोरांना फुकट खेळता यावं म्हणून त्याच्या नावाच्या ट्रस्टनं इथे छोटी मैदानं उभी केली, डच फुटबॉलपटू क्रायफच्या संस्थेला बरोबर घेऊन. संध्याकाळी तिथून जाताना दिवे लागलेले असतात आणि वाऱ्यात चेंडू भलतीकडेच जात असतो.

२०२१च्या नोव्हेंबरात शहराच्या मध्यात, प्रोव्होस्ट स्कीन्स हाऊसपाशी त्याचा पुतळा बसवला. तो स्वतः आला होता. तोवर स्मृतिभ्रंशाचं निदान झालेलं, तरी आला. मी गर्दीत बराच मागे होतो, फारसं दिसलं नाही. शेजारी एक आजोबा होते, ते बायकोला सांगत होते की त्याच्या हातात बाही आहे का बघ. होती.

---

डावखुरी

छान चर्चा. दोन शंका.

एक : त्याला स्ट्रायकर म्हणायचं की इनसाइड फॉरवर्ड? माझे वडील सांगायचे की तेव्हा दहा नंबरवाला मागून खेळ बांधत यायचा.

दोन : स्कॉटलंडचा सर्वांत थोर खेळाडू डॅल्ग्लिश की लॉ? दोघांचेही देशासाठी ३०च गोल आहेत ना?

---

हाफटाइम

@डावखुरी, वडील बरोबर. तो शर्टाच्या नंबरानं आणि सुरुवातीच्या शिक्षणानं इनसाइड फॉरवर्ड, पण बझ्बीकडे बघता बघता पुढे सरकला. चार्ल्टन मागून आणायचा, बेस्ट कडेनं सोलून काढायचा, लॉ टोकाला संपवायचा. गुडघा बिघडल्यावर तो अजूनच गोलजवळ राहू लागला. आजच्या भाषेत स्ट्रायकर म्हटलं तर कुणी भांडू नये.

दुसऱ्यावर मात्र भांडण होणार. ३० गोल दोघांचे, पण लॉचे ५५ सामन्यांत, डॅल्ग्लिशचे १०२ सामन्यांत. लॉनं एकाच सामन्यात चार गोल देशासाठी दोनदा केले, उत्तर आयर्लंड आणि नॉर्वेविरुद्ध. डॅल्ग्लिशच्या बाजूनं क्लबचे तीन युरोपियन कप आणि तीन विश्वचषक स्पर्धा. लॉ विश्वचषकात एकच सामना खेळला, १९७४मध्ये डॉर्टमुंडला झैरेविरुद्ध. वय चौतीस. ऐन भरात होता तेव्हा १९६२, ६६, ७० तिन्ही वेळा स्कॉटलंड पात्रच ठरलं नाही. आणि १९७४ला गेले तर एकही सामना न हरता गोलफरकावर घरी आले! झैरेला दोनच गोल मारले, ते महागात पडलं. तो लॉचा देशासाठी शेवटचा सामना. त्या ऑगस्टमध्ये निवृत्त.

माझं मत लॉ. कारण विचारू नका, पक्षपात आहे.

---

गणिती_गंपू

आकड्यांचा विषय निघालाच आहे तर लॉचा सगळ्यात दुर्दैवी आकडा : शून्य.

जानेवारी १९६१, एफए कप, सिटी विरुद्ध लूटन. लूटन २-० पुढे. मग लॉनं एकट्यानं सहा गोल केले. एकट्यानं! ६-२. पावसानं मैदानाचं भातखाचर झालं होतं, ६९व्या मिनिटाला पंचांनी सामना रद्द केला. सहाच्या सहा गोल वाहून गेले. फेरसामना चार दिवसांनी, लूटन ३-१ जिंकलं. सिटीचा एकुलता गोल कुणाचा, वेगळं सांगायला नको. म्हणजे एका फेरीत सात गोल करून माणूस स्पर्धेबाहेर.

एफए कपमध्ये त्याचे अधिकृत गोल ४१. पुढे इयन रश ४४वर गेला. ते सहा धरले तर लॉ ४७.

---

खारे_दाणे

आईशप्पथ. हे माहीत नव्हतं. आमच्या गल्लीत बाद झालेला पोरगा 'आधीच्या रन धरा' म्हणून भांडायचा तसं त्यानं भांडायला हवं होतं.

तोरिनोबद्दलही लिहा की कुणीतरी. धाग्यात एका ओळीत उरकलंय.

---

हाफटाइम

उरकलं, कारण त्यालाही ते उरकूनच टाकावंसं वाटत होतं. तरी सांगतो.

१९६१च्या जानेवारीपर्यंत इंग्लंडमध्ये खेळाडूच्या पगारावर कायद्यासारखी मर्यादा होती : आठवड्याला जास्तीत जास्त वीस पौंड. क्लब एक लाख घेणार आणि खेळाडूला वीस. इटलीत पैसा होता, म्हणून लॉ गेला, त्याच्याबरोबर 'जो' बेकर नावाचा दुसरा फुटबॉलपटूही. पैसे मिळाले, खेळ मिळाला नाही. तिकडे बचाव असा की दोन माणसं कायम अंगाला चिकटलेली, सामने ०-० नाहीतर १-०. तशातही २७ लीग सामन्यांत दहा गोल केले. १९६२च्या फेब्रुवारीत दोघं रात्री गाडीतून येत होते, बेकर चालवत होता, गाडी उलटली. लॉ थोडक्यात वाचला, बेकर मरता मरता वाचला, चेहऱ्यावर शस्त्रक्रिया कराव्या लागल्या.

शेवटचा घाव तर अजब. नापोलीविरुद्धच्या कपच्या सामन्यात पंचांनी त्याला बाहेर काढलं. का? नंतर त्याला कळलं की त्याच्याच प्रशिक्षकानं पंचांना तसं सांगितलं होतं. गुन्हा काय, तर नको सांगितलेलं असताना लॉनं थ्रो-इन घेतला! लॉ तिथून जो निघाला तो परत गेला नाही.

पण पैशाचा हिशेब त्याच्या डोक्यातून गेला नव्हता. १९६६मध्ये बझ्बीकडे पगारवाढ मागितली, नाहीतर जातो म्हणाला. बझ्बीनं दुसऱ्या दिवशी त्यालाच विक्रीच्या यादीत टाकलं. मग माफी मागून परत. बझ्बीसमोर किंग वगैरे काही नाही.

---

डॉ_निवांत

उत्तरसमुद्र यांनी स्मृतिभ्रंशाचा उल्लेख केला म्हणून लिहितो. लॉनं २०२१च्या ऑगस्टमध्ये स्वतःच जाहीर केलं की त्याला अल्झायमर आणि रक्तवाहिन्यांशी संबंधित स्मृतिभ्रंश, दोन्ही आहेत. १७ जानेवारी २०२५ रोजी तो गेला, वय ८४. २०२३मध्ये गेलेल्या बॉबी चार्ल्टनलाही स्मृतिभ्रंश होता. हेडरवर जगलेली ती पिढी.

ग्लासगो विद्यापीठानं २०१९मध्ये स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी मृत्यू येण्याचं प्रमाण त्यांच्यात इतरांपेक्षा सुमारे साडेतीन पट निघालं. नंतर जागेनुसार पाहिलं तर बचावपटूंमध्ये धोका सर्वांत जास्त, आणि गोलरक्षकांमध्ये सर्वसामान्यांपेक्षा फारसा वेगळा नाही. हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण मात्र खेळाडूंमध्ये कमी होतं, हेही सांगायला हवं. एका माणसाच्या आजाराचं कारण हेडरच, असं अशा अभ्यासावरून ठरवता येत नाही. पण स्कॉटलंडनं २०२०पासून बारा वर्षांखालच्या मुलांना सरावात हेडर बंद केले, ते उगीच नाही. हाफटाइम, तुमचा भाचा सरावात किती हेडर मारतो, एकदा विचारा.

---

हाफटाइम

विचारतो डॉक्टर. तो गोलरक्षक आहे, पण तरी विचारतो.

---

उत्तरसमुद्र

वातावरण जड झालंय, म्हणून एक किस्सा. ३० जुलै १९६६, विश्वचषकाची अंतिम लढत, इंग्लंड वेम्बलीवर. सगळं मँचेस्टर टीव्हीपुढे. संघातले सहकारी चार्ल्टन आणि स्टाइल्स खेळतायत. लॉला ते बघवणार नव्हतं, म्हणून तो मित्राला घेऊन गोल्फ खेळायला गेला. मैदान रिकामं. खेळ संपवून क्लबहाउसकडे आला तर आतली मंडळी नाचत होती. इंग्लंड जिंकलं होतं.

उट्टं पुढच्याच वर्षी निघालं. १५ एप्रिल १९६७ला त्याच वेम्बलीवर स्कॉटलंडनं ३-२ हरवलं. विश्वविजेते झाल्यापासून इंग्लंडचा तो पहिला पराभव, आणि पहिला गोल लॉचा. इथले म्हातारे अजून हिशेब मांडतात की त्या दिवसापासून जगज्जेते आम्हीच.

---

मापं_काढू_नका

ते सगळं ठीक, पण गोल्फमध्ये निदान जिंकला का?

---

उत्तरसमुद्र

नाही. पैज लावून हरला.